बरणीत बर्फ पडू दे, बुरशी नको!

डिसेंबर लागला की रील्सवर स्नो ग्लोबचा पाऊस सुरू होतो. काचेची बरणी, आत छोटंसं घर, वर पाणी, थोडी चमकी, झाकण घट्ट, बरणी उलटी. झालं! ‘फक्त ५ मिनिटांत’ असं वर लिहिलेलं असतं आणि ते खोटं नाही. ५ मिनिटांत ग्लोब बनतोच. मीही बनवला होता. माझा प्रॉब्लेम १९व्या दिवशी सुरू झाला. रील बनवणारे १९व्या दिवशी परत कॅमेरा लावत नाहीत, म्हणून म्हटलं आपणच लिहू.

तो ग्लोब आजीसाठी होता. आमचं गावचं घर पारोळा तालुक्यातलं, जुनं धाब्याचं. माती आणि लाकडाचं सपाट छत, त्यावर दर पावसाळ्याआधी खारी माती पसरायची, म्हणजे घर गळत नाही. गेल्या दिवाळीनंतर मागची भिंत बसली आणि बाबा-काकांनी घर उतरवायचं ठरवलं. आजी आमच्याकडे जळगावला आली, तिसऱ्या मजल्यावर. येताना कपड्यांच्या गाठोड्यात एक पिशवी होती. आत धाब्यावरची मूठभर खारी. तिचं काय करणार, असं कोणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

श्रावणात तिचा वाढदिवस. (तारीख कोणालाच पक्की माहीत नाही. नारळी पौर्णिमेच्या आसपास, एवढंच.) मला भारी आयडिया सुचली. जॅमच्या बरणीत पुठ्ठ्याचं धाब्याचं घर करायचं, खाली तिच्या पिशवीतली खरी माती घालायची आणि बर्फाच्या जागी दुसरं काय असणार खान्देशात, कापूस! वर स्वयंपाकघरातला चमचाभर बारीक रवा. आजीला न सांगता मी पिशवीतली अर्धी माती घेतली. तुम्हाला कळलंच असेल पुढे काय झालं. मला तेव्हा नाही कळलं.

पहिल्या दिवशी पाणी गढूळ होतं, पण बसेल म्हटलं. बसलं नाही. चौथ्या दिवशी रवा फुगून खाली त्याची खीर झाली. दहाव्या दिवशी पुठ्ठ्याचं छत खचलं. १९व्या दिवशी कापसावर राखाडी केस उगवले होते आणि झाकणाजवळ हिरवट गोलगोल ठिपके. आजीनं बरणी उचलली, डोळ्याजवळ नेली आणि म्हणाली, “पानी नासी गयं वं माय.” एवढंच. मग म्हणाली, फेकू नको, तुळशीत ओत. माती तुळशीत गेली, पण तिच्या पिशवीत आता अर्धीच उरली होती.

तर हा लेख म्हणजे त्या अर्ध्या मुठीची भरपाई आहे असं समजा. त्यानंतर मी दोन बरण्या केल्या. एक बिघडली, एक अजून स्वच्छ आहे.

आधी त्या रव्याबद्दल, कारण माझी लाज थोडी कमी करणारी गोष्ट मला त्यातच सापडली. स्नो ग्लोबमध्ये रवा घालणारी मी पहिली नाही. एर्विन पेर्झी नावाचा व्हिएन्नाचा एक कारागीर शस्त्रक्रियेची उपकरणं बनवायचा. साल १९००. तेव्हाच्या विजेच्या दिव्यांचा उजेड अगदीच पिवळा, मंद. चांभार लोक पूर्वी मेणबत्तीपुढे पाण्यानं भरलेला काचेचा गोळा ठेवायचे, म्हणजे उजेड एका जागी एकवटायचा. पेर्झीनं तीच युक्ती दिव्यापुढे करून पाहिली आणि उजेड वाढावा म्हणून पाण्यात काय काय टाकलं. त्यात रवा होता. उजेड काही वाढला नाही, पण भिजलेला रवा हळूहळू खाली उतरताना त्याला बर्फ पडल्यासारखं दिसलं. मग त्यानं मारियात्सेल या ऑस्ट्रियातल्या तीर्थक्षेत्राच्या चर्चची छोटी प्रतिकृती गोळ्यात बसवली. म्हणजे आपल्याकडे मुक्ताईनगरला गेल्यावर फोटो घेऊन येतो ना, तसलाच प्रकार. त्याच्या घराण्याचा कारखाना व्हिएन्नात आजही ग्लोब बनवतो. अर्थात रवा त्यांनी केव्हाच सोडला. त्यांच्या बर्फाचं मिश्रण घरातलं गुपित आहे.

रवा का सोडला असेल, हे माझ्या बरणीनं मला सांगितलं. रवा हे अन्न आहे. कापूस, पुठ्ठा, लाकूड, सुकं खोबरं, अंड्याच्या टरफलाच्या आतला पापुद्रा हे सगळं कोणाच्या ना कोणाच्या तरी तोंडी लागणारं. बुरशीचे कण हवेत कायम असतात, आत्ता तुमच्या वर्तमानपत्रावरही आहेत. त्यांना ओल आणि खायला मिळालं की काम सुरू. आणि माती? एका चिमटीत कोट्यवधी जिवाणू असतात. मी बरणीत वस्ती वसवून वर झाकण लावलं होतं. शिवाय खारीचे कण इतके बारीक की पाण्यात दिवसेंदिवस तरंगत राहतात. म्हणून ते पाणी कधी निवळलंच नाही.

हे मी आजीला समजावून सांगत होते, तर ती म्हणाली की यात नवीन काय आहे. लोणच्याची बरणी उन्हात तापवतो, ओला चमचा घालत नाही, मीठ हात आखडून घालत नाही, वर तेलाचा थर ठेवतो. हे कशासाठी? खरंच की! आमच्या घरात दरवर्षी उन्हाळ्यात हा अभ्यासक्रम शिकवला जातो आणि मी तो कायम ऑप्शनला टाकला. आजीचं म्हणणं होतं, “तेल टाक ना मंग.” मी हसले. नंतर वाचलं तर ती बरोबर होती. काही जण ग्लोबमध्ये पाणी घालतच नाहीत, बेबी ऑइल किंवा मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन घालतात. पाणीच नाही म्हटल्यावर बुरशी वाढणार कशी? फक्त स्वयंपाकाचं तेल नको, ते खवट होतं, पिवळं पडतं. आणि लिक्विड पॅराफिनमुळे झाकणाचं रबर फुगतं, काही रंग आणि गोंद सुटतात. म्हणून मी पाण्यावरच राहिले. मिठाचंही तसंच. लोणच्याइतकं मीठ घातलं तर पाणी टिकेल, पण जरा कुठे झिरपलं की कडेला मिठाचे खडे जमतात आणि झाकण गंजतं.

दुसरी बरणी धुळ्याला मावशीकडे केली. यावेळी कापूस नाही, माती नाही, रवा नाही. प्लास्टिकचं खेळण्यातलं घर, पाचकंदीलहून आणलेली चमकी, मेडिकलमधून ग्लिसरीन. पाणी नळाचंच, पण चांगलं उकळून घेतलेलं. मला वाटलं आता काय होतंय! सहाव्या दिवशी पाणी ताकाच्या निवळीसारखं दिसायला लागलं. मावसभाऊ दहावीत आहे, त्याचा चेहरा असा की ‘ताई, तू मास कॉम केलंस ना?’

या बरणीत माझ्या दोन चुका होत्या आणि त्या जवळपास सगळ्याच रील्समध्ये असतात.

पहिली चूक पाण्याची. उकळल्यानं जंतू बरेच मरतात, पण क्षार कुठे जाणार? जळगावला वाघूर धरणाचं पाणी येतं, धुळ्याला तापी योजनेचं आणि नकाणे, डेडरगाव तलावांचं. कॉलनीत बोअर असेल तर विचारूच नका. पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाला पांढरा थर बसतो, तो तुमच्या ग्लोबमध्येही काचेवर बसणार. आर.ओ.चं पाणी बरं, पण पूर्ण क्षारमुक्त नाही आणि निर्जंतुक तर मुळीच नाही. घ्यायचं ते डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीच्या दुकानात इन्व्हर्टरसाठी जे कॅनमधून मिळतं ते डीमिनरलाइज्ड असतं, तेही चालतं. फक्त ते क्षारमुक्त असलं तरी जंतुमुक्त असेलच असं नाही, म्हणून १० मिनिटं उकळायचं आणि झाकण ठेवून गार करायचं. उकळण्याचा आणखी एक फायदा असा की पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते, नाहीतर दुसऱ्या दिवशी घराच्या भिंतींना बारीक बुडबुडे चिकटतात.

दुसरी चूक ग्लिसरीनची आणि ही मला सगळ्यात जास्त खटकली. ‘ग्लिसरीन टाका, पाणी खराब होत नाही’ असं छातीठोक सांगितलं जातं. ग्लिसरीनचं काम वेगळं. ते पाणी दाट करतं, म्हणून बर्फ धप्पकन न पडता रेंगाळत उतरतो. खूप जास्त असेल तर ते जंतूंना वाढू देत नाही, साखरेच्या पाकासारखं. पण दोन चमचे घातले तर जिवाणू आणि बुरशीसाठी तो खाऊच आहे. पाक टिकतो आणि सरबत नासतं, तसंच हे. आणि पाकाइतकं ग्लिसरीन घातलं तर चमकी खाली यायचं नावच घेत नाही. म्हणजे बर्फासाठी ग्लिसरीन आणि टिकण्यासाठी दुसरं काहीतरी, असे दोन वेगळे विचार करावे लागतात.

ते दुसरं काय? घरगुती साबण आणि क्रीम बनवणारे जे प्रिझर्व्हेटिव्ह वापरतात, ते. मी फिनॉक्सिइथेनॉल असलेलं घेतलं. सौंदर्यप्रसाधनांत ते जास्तीत जास्त १ टक्का घालतात. म्हणजे २५० मिलीच्या बरणीला अडीच मिली. एकटं फिनॉक्सिइथेनॉल जिवाणूंवर चांगलं चालतं, बुरशीवर जरा कमी, म्हणून त्यात दुसरा घटक मिसळलेलं तयार मिश्रण मिळतं, ते घ्या. मोजताना हातमोजे घाला, बाटली लहान मुलांपासून लांब ठेवा. सोडियम बेंझोएट सुचवणारे भेटतील. ते सॉस-सरबतात चालतं कारण तिथे आंबटपणा असतो, नुसत्या पाण्यात त्याचा फारसा उपयोग नाही. स्पिरिटचे चार थेंबही काही करत नाहीत, आणि परिणाम होईल इतकं घातलं तर ॲक्रिलिकला बारीक चिरा पडतात.

आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही. पालिकेकडून मिळणारी किंवा टाकीत टाकायची ब्लिचिंग पावडर आणि ग्लिसरीन एकत्र आणायचं नाही. दोन्ही घरात असतं आणि ‘जंतू मारायचेत ना’ म्हणून हा विचार डोक्यात येतो. ब्लिचिंग पावडरवर ग्लिसरीन पडलं तर मिश्रण आपोआप तापून पेट घेऊ शकतं.

आता तिसरी बरणी. ही मी सप्टेंबरात केली. बरणी साबणानं धुतली, थंड पाण्याच्या पातेल्यात ठेवून मग गॅस लावून १० मिनिटं उकळली (गरम पाण्यात थेट टाकलीत तर काच तडकेल) आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्यानं विसळली, कारण नळाच्या पाण्याचे डाग राहतात. यावेळी घर बनवलं दोन भाग मळून वापरतात त्या इपॉक्सी पुट्टीचं. नळ गळायला लागला की प्लंबर लावतो तीच. मळल्यावर तासभर ती मातीसारखी वळते, मग दगड होते. टूथपिकनं दार काढलं, धाब्यावरून बाहेर आलेली लाकडं काढली, दारापुढचा ओटा काढला. काढताना आजीला विचारावं लागलं की ओटा उजवीकडे होता की डावीकडे. तिनं नुसती बाजू नाही सांगितली. ओट्यावर कोण बसायचं, कोणत्या कोपऱ्यात जातं होतं, कपाशी वेचून आल्यावर गाठोडी कुठे टाकायचे, हे सगळं सांगितलं. दोन तास गेले. पुट्टी माझ्या हातातच कडक झाली आणि घर पुन्हा करावं लागलं. ते चाललं.

आत काय ठेवायचं याची माझी परीक्षा सोपी आहे. जे ठेवायचं ते आधी आठवडाभर काचेच्या ग्लासात पाण्यात बुडवून ठेवा. रंग सुटतो? वास येतो? फुगतं? मग बाद. शाडूचा गणपती विरघळतो. खिळे, तारा, स्वस्त धातूच्या मूर्ती गंजतात. स्वस्त चमकीचा रंग रात्रभरात उतरतो, माझी गुलाबी चमकी सकाळी पांढरी आणि पाणी गुलाबी झालेलं होतं! चमकी पाण्यावर तरंगत राहिली तर भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब. दोन घातलेत तर ग्लोब हलवल्यावर फेस येतो. पांढरा सुतारी गोंद पाण्यात दुधाळ होऊन सुटतो, ग्लू गनचा गोंद गुळगुळीत काचेवरून निघतो. दोन ट्यूबवाला इपॉक्सी गोंदच हवा, आणि तो पूर्ण २४ तास वाळू द्यायचा. पत्र्याच्या झाकणाला आतून त्याच गोंदाचा हात द्या, कारण झाकण जिथे खरवडलं गेलंय तिथून गंज सुरू होतो आणि महिन्याभरात बर्फ तांबडा पडतो.

माझ्या २५० मिलीच्या बरणीत ४० मिली ग्लिसरीन, अडीच मिली प्रिझर्व्हेटिव्ह आणि बाकी पाणी. बरणी काठोकाठ भरायची नाही. व्हिएन्नातले लोक काय करतात मला माहीत नाही, पण आपल्याकडे डिसेंबरात पारा एकआकडी होतो आणि मेमध्ये ४५च्या वर जातो. २५ अंशांवर भरलेली बरणी ४५ला गेली की आतलं द्रव साधारण २ मिली वाढतं. जागा नसेल तर ते झाकणातून वाट काढतं. म्हणून अर्धा चमचा हवा मुद्दाम सोडा. वरचा छोटा बुडबुडा वाईट दिसतो म्हणून लोक तो घालवायला बसतात, तेच महागात पडतं. मी बंद बरणी गिझरच्या गरम पाण्याच्या बादलीत तासभर ठेवली आणि नंतर पुसून वर्तमानपत्रावर उलटी ठेवली. (कालचा अंक होता, माफ करा.) कागद कोरडा राहिला. एक गंमत दिसली, तापलेल्या बरणीत बर्फ भरभर पडतो, कारण गरम ग्लिसरीन पातळ होतं. म्हणजे जळगावच्या मे महिन्यात हिमवर्षावसुद्धा घाईत उरकणार.

ग्लोब खिडकीत ठेवू नका. ऊन लागलं तर रंग उडतो, हिरवं शेवाळ धरू शकतं, हे आहेच. पण मोठं कारण पेर्झीच्या दिव्यात आहे. पाण्यानं भरलेली गोल काच म्हणजे भिंग. उन्हात ठेवलेल्या गोळ्यामागे पडदा किंवा कागद असेल तर आग लागू शकते. आपल्याकडच्या उन्हाला तर निमित्तच हवं असतं.

तुमचा ग्लोब बिघडलाच तर कशामुळे, ते बघून ओळखता येतं. दोन-चार दिवसांत सगळं पाणी सारखंच दुधाळ झालं तर जिवाणू किंवा गोंद. केसाळ पुंजके दिसले तर बुरशी, आणि ती बहुतेक जिथे बसली तीच वस्तू तिचं जेवण असते. काचेवर खडूसारखा थर आला तर क्षार. वरून औषध ओतून वाचवायचा प्रयत्न मी केला, वाचत नाही. उघडा, धुवा, पुन्हा करा.

राहिली खरी माती. पिशवीत अर्धी मूठ होती आणि तिच्याशिवाय ते घर आजीचं झालं नसतं, माझं झालं असतं. पण माती पाण्यात घालायची नाही, हे तर शिकले होते. शेवटी उत्तर झाकणाखाली सापडलं. बरणी उलटी उभी राहते, म्हणजे झाकण तळाला येतं. त्याला बाहेरून दुसरं थोडं मोठं पारदर्शक झाकण जोडलं आणि मधल्या जागेत माती. आधी ती तव्यावर कोरडी भाजून घेतली, म्हणजे ओल राहणार नाही. आजी शेजारी उभी राहून बघत होती, सांडू देऊ नको म्हणत. वर पाणी, मध्ये पत्रा, खाली माती. बाजूनं बघितलं की घर त्या मातीवरच उभं आहे असं वाटतं. सगळी माती वापरली नाही. चिमूटभर पिशवीत ठेवली, ती आजीकडेच आहे.

आज या बरणीला ९४ दिवस झाले. पाणी काचेसारखं आहे. मे महिना तिनं अजून पाहिलेला नाही, त्यामुळे मी फार बढाया मारत नाही.

ग्लोब देव्हाऱ्याच्या बाजूच्या कपाटात असतो, उन्हापासून लांब. परवा शेजारची छोटी आली आणि आजीनं तो तिला दाखवायला खाली काढला. मुलगी म्हणाली, आजी, बर्फ! आजीनं बरणी पुन्हा हलवली, ओट्याकडे बोट दाखवलं आणि तिला सांगितलं, बर्फ नाही, “कापूस उडी ऱ्हायना.”